न्हाणीचं पाणी

"झाडाला पोचलं का?" आतून सुग्रीवनं विचारलं.

"पोचलं," सत्यभामा म्हणाली आणि हातातली बादली तिनं भिंतीवरून पलीकडे रस्त्यावर रिकामी केली.

फिनेलचा आणि धुण्याच्या सोड्याचा वास मारणारं ते पांढुरकं पाणी धुळीत पडलं, जरा वेळ काळं दिसलं आणि नाहीसं झालं. भिंतीच्या अलीकडे, न्हाणीच्या खालच्या अंगाला, सीताफळाचं झाड उघडं उभं होतं. त्याच्याकडे न बघता तिनं बादली पालथी ठेवली आणि धुतलेली चादर दोरीवर टाकली.

"सालीला नख लावून बघितलंस का?"

"बघितलं."

"हिरवं हाय?"

"हाय की. कावून नसंल?"

पक्षाघातानं सुग्रीवची उजवी बाजू गेली होती आणि बोलणं जड झालं होतं, पण ह्या तीन प्रश्नांपुरती जीभ रोज सकाळी वळायची. आणि रोज सकाळी सत्यभामा त्याच्याशी खोटं बोलायची. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला त्याची सवय नव्हती. भाजीत मीठ जास्त पडलं तर तीही गोष्ट ती आधी सांगून मोकळी होत असे. आता मात्र खोटं तिच्या तोंडून इतकं सहज यायचं की तिचं तिलाच वाईट वाटायचं.

ही वसाहत साखर कारखान्याच्या कामगारांची. कागदोपत्री तिचं नाव श्रमसाफल्य कामगार सहकारी गृहनिर्माण संस्था. नाव घेता घेता दम लागतो म्हणून सगळे तिला सोसायटी म्हणत. कारखाना भरात होता तेव्हा कामगारांनी एकत्र येऊन ही जागा घेतली. जागा म्हणजे नुसता मुरमाड माळ. कुदळ मारली की ठिणगी उडायची. तिथं सारख्या मापाची घरं उभी राहिली, दोन बोअर पाडले गेले आणि फाटकापाशी शोभेसाठी हिरवळ लावायचा ठराव एकमतानं मंजूर झाला. सुग्रीव कारखान्यात माळी होता, तेव्हा हिरवळीचं काम त्यानंच बघावं असं ठरलं. तो भर सभेत उठून म्हणाला, "म्या न्हाई करणार." का म्हणून विचारलं तर बसला तो बसलाच.

का ते सत्यभामेला ठाऊक होतं. नोकरीची सगळी वर्षं त्यानं कारखान्याच्या गेस्ट हाऊसपुढच्या हिरवळीला पाणी घातलं होतं. एका दुष्काळात कामगारांच्या बायका टँकरपुढं घागरी घेऊन उन्हात बसल्या होत्या आणि जाळीच्या पलीकडे, कुणी पाहुणे यायचे म्हणून, सुग्रीव पाईप धरून गवत भिजवत होता. त्या बायकांत सत्यभामाही होती. दोघांची नजरानजर झाली. संध्याकाळी घरी आल्यावर त्याला जेवण गेलं नाही एवढंच.

स्वतःच्या घरात राहायला आल्यावर मग त्यानं एक नियम केला. झाडाला कोरं पाणी द्यायचं नाही. आधी ते माणसाच्या कामी यायला पाहिजे, मग झाडाच्या. आता असा नियम तोंडानं करणं सोपं. पण सुग्रीव त्याच्या पायी घराचं सगळं वळणच बदलून बसला.

न्हाणी त्यानं घराच्या वरच्या अंगाला काढली. छातीएवढ्या तीन भिंती, वर आभाळ, आणि बसायला काळा घडीव दगड. दगडापासून एक नाली काढली. तिच्या वाटेत खड्डा करून त्यात विटांचे तुकडे, कारखान्याच्या बॉयलरमधली जळकी कच आणि वाळू भरली, वर कर्दळी लावल्या. कर्दळीतून गाळून आलेलं पाणी पुढं दोन वाटांनी जायचं, एक शेवग्याच्या आळ्यात, एक सीताफळाच्या. ज्या वाटेनं पाणी नको तिच्या तोंडात फडक्याचा बोळा. आळ्यांवर उसाच्या पाचटाचा जाड थर, म्हणजे ऊन मातीपर्यंत उतरायचं नाही. कुंभाराकडची गळकी, कुणी घेत नाहीत ती मडकी त्यानं मागून आणली आणि कढीपत्ता, गवती चहा, वांग्याची चार झाडं यांच्या बुडाशी गळ्यापर्यंत पुरली. भाज्या धुतलेलं पाणी त्या मडक्यांत जायचं. छपराच्या पन्हाळीखाली खड्डा होता. अंगणाला उतार असा दिला होता की पावसाचं पाणी फाटकाबाहेर जाताना कधी कुणी बघितलं नाही.

आणि साबण बंद. साबणाचं पाणी मुळं जाळतं असं त्याचं म्हणणं. अंगाला डाळीचं पीठ, डोक्याला शिकेकाई, कपड्याला रिठे, भांड्याला राख. सोसायटीतल्या बाया सत्यभामेला हसायच्या. अंजना, त्यांची एकुलती एक लेक, कॉलेजला जायला लागली तेव्हा सकाळी आधी मैत्रिणीच्या घरी थांबायची, तिथं वासाच्या साबणानं तोंड धुवायची आणि मग वर्गात जायची. हे सुग्रीवला माहीत होतं. तो म्हणायचा, "त्येंच्या मोरीचं नुकसान, आपल्याला काय."

हसणारे हळूहळू गप्प झाले ते सीताफळामुळं. रोपटं त्यानं चकलांब्याहून, भावाच्या बांधावरून आणलं होतं. एरवी सीताफळ उन्हाळ्यात पानं टाकून मोकळं होतं. हे झाड न्हाणीच्या पाण्यावर भर चैत्रातही अंगावर थोडी पानं ठेवून असे. दसरा उलटला की फळांनी वाकायचं. डोळे मोठे झालेली फळं उतरवून सुग्रीव ती जोंधळ्यात पिकत घालायचा आणि मऊ झाली की टोपल्या भरून घरोघर द्यायचा. विकायची कधी नाहीत. फाटकापाशी दुसऱ्या कुणीतरी लावलेली हिरवळ तोवर दोनदा वाळून गेली होती. सोसायटीची वार्षिक सभाही अलीकडे सुग्रीवच्याच अंगणात, शेवग्याखाली भरायची, कारण बाकी कुठं बसायला सावली नव्हती. अध्यक्ष उत्तरेश्वर अण्णा दर सभेत सुग्रीवचं कौतुक करायचे आणि दर सभेत नव्या हिरवळीचा ठराव मांडायचे.

मग ते वर्ष आलं. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. ऊसच नव्हता, तेव्हा कारखान्याचं धुराडं पेटलं नाही. सोसायटीचा एक बोअर दिवाळीला गेला, दुसरा संक्रांतीला. माजलगावच्या धरणाच्या तळातलं पाणी घेऊन टँकर यायचा, तोही मर्जीनं. दर घराला एक पिंप मिळायचं. तरी सुग्रीवच्या अंगणात हिरवं होतं. दोघं आंघोळ करायची, झाडं जगायची. फाल्गुनात तो न्हाणीतल्या दगडावरून उठताना कोसळला आणि सगळं फिसकटलं.

अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यातून त्याला घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी सत्यभामेला बजावलं होतं की पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत. अंथरूण रोज बदलायचं, चादरी गरम पाण्यात सोडा आणि फिनेल घालून धुवायच्या. आंघोळ नाही, नुसतं अंग पुसायचं. घरात पिंपभर पाणी आणि त्यातलं निम्मं चादरींना. ते पाणी झाडाला घालणं म्हणजे त्याला विष घालणं. स्वतःची आंघोळ तिनं आठवड्यावर नेली. अंग पुसलेल्या फडक्यातून निघायचं ते पाणी ती आळ्यात पिळायची, पण पाचटाच्या थरातून ते मातीपर्यंतसुद्धा उतरत नसेल. माणूस आणि झाड यातलं कोण, हा प्रश्नच नव्हता. तरी भिंतीवरून बादली रिकामी करताना ती झाडाकडे बघायची नाही.

शेवगा चैत्रात गेला. तिनं ते सांगितलं नाही.

"मला भाईर ने," एके दिवशी सुग्रीव म्हणाला.

"ऊन लई हाय."

"सकाळचं ने."

"सकाळी बी हायच की ऊन."

दोन दिवस तिनं असं टाळलं. तिसऱ्या दिवशी उत्तरेश्वर अण्णा विचारपूस करायला आले तेव्हा सुग्रीवनं थेट त्यांनाच सांगितलं. अण्णांना काय ठाऊक. त्यांनी शेजारच्या दोघांना हाक मारली आणि खाटेसकट त्याला अंगणात आणून ठेवलं. सत्यभामा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

सुग्रीवनं मान वळेल तेवढी वळवली. शेवग्याचा वाळला बुंधा बघितला. कर्दळी जळून जमिनीला टेकल्या होत्या. मडक्यांची तोंडं कोरडी होती. सीताफळाकडे तो बराच वेळ बघत राहिला. माणसं निघून गेल्यावर म्हणाला, "नख लाव. माझ्या म्होरं."

ती झाडापाशी गेली. वरच्या फांदीला नख लावलं, साल भुगा होऊन पडली. मधल्या फांदीला लावलं, आत तपकिरी. मग खाली बसून बुंध्याला, मातीपासून वीतभर वर, तिनं नखानं खरवडलं. आत बारीकशी हिरवी रेघ होती.

"बुडाला हाय जराशी," ती म्हणाली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"लई पाणी लागलं व्हय माझ्या चादरींला," सुग्रीव म्हणाला.

सत्यभामा तिथंच आळ्याच्या कडेला बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. तिला रडू दे म्हणून तो थांबला. नंतर म्हणाला, "हिरवं हाय तवर झाड मेलं न्हाई. पोचीव कसंबी. माझं काय आता."

"असं बोलू नका."

"पोचीवशील का न्हाई?"

"पोचीवते," ती म्हणाली. ह्या खेपेला मात्र तिला खोटं बोलायचं नव्हतं.

त्यानंतर आठवडाभरात, एका पहाटे, सुग्रीव गेला. झोपेतच गेला. त्याचा हात तिच्या हाताखाली गार झाला तेव्हा तिला कळलं.

सकाळी अंजना वाळूजहून नवऱ्याबरोबर निघाली असल्याचा फोन आला. चकलांब्याहून सुग्रीवचा धाकटा भाऊ बिभीषण आला. तिरडीचं सामान आलं. सगळं आलं, पण घरात पाणी नव्हतं. पिंपाच्या तळाला तांब्या बुडेल एवढं राहिलं होतं आणि टँकरचा पत्ता नव्हता. मढं आंघोळीवाचून कसं न्यायचं म्हणून बिभीषण पिंपात वाकून बघत होता, तेवढ्यात पलीकडच्या चंद्रभागाबाई आल्या. वय झालेली बाई, कमरेत वाकलेली. काखेत कळशी. ती त्यांनी खाली ठेवली आणि बायकांत जाऊन बसल्या.

त्यांच्यामागून उत्तरेश्वर अण्णांची सून घागर घेऊन आली. मग राधाकिशन फिटर, मग त्याच्या शेजारचे. प्रत्येक घरातून एक भांडं. कुणाची घागर भरलेली, कुणाची अर्धी, एकानं तर दुधाची किटली आणली होती. वार्षिक सभेला गणपूर्तीसाठी ज्यांना दारोदार जाऊन बोलवावं लागायचं तीच माणसं होती ही. अंगणात भांड्यांची रांग लागली. त्या अंगणात एवढं कोरं पाणी एका वेळी कधीच आलं नव्हतं. सत्यभामा त्या रांगेकडे बघत राहिली, आणि रडता रडता तिच्या मनात काहीतरी जागं झालं.

पाणी तापलं. बिभीषणनं दारापुढं पाट मांडायला सांगितलं आणि टिकाव घेऊन बाजूला खड्डा खणायला लागला. प्रेताच्या आंघोळीचं पाणी इकडंतिकडं वाहू द्यायचं नाही, खड्ड्यात जिरवून वर माती लोटायची, ही रीतच होती. मुरमात टिकाव खणखणत होता.

"खड्डा नगं, भावजी," सत्यभामा म्हणाली.

"वैनी, तुमी आत बसा. हे मान्सांचं काम हाय."

"त्येंला न्हाणीत न्या. त्येंच्या दगडावर बसवा."

बिभीषण थांबला. "आन् पाणी?"

"पाणी जातंय तिथं जाईल."

तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं. त्यानं नालीकडं बघितलं, मग सीताफळाकडं. "खुळ्या झाल्या का वैनी? मढ्याचं पाणी फळाच्या झाडाला? कोण खाईल उद्या त्येचं फळ?"

"जल्मभर त्येंच्याच आंगाचं पाणी पेलंय ते झाड. आजच कावून इटाळ धरायचा?"

"तवा जित्ता हुता."

बायकांत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी तिला धरून आत न्यायला उठलं. ती हात सोडवून नालीपाशी गेली, सीताफळाच्या वाटेतला फडक्याचा बोळा उपसून तिनं बाजूला टाकला आणि तिथंच मातीत बसली.

"मला सांगून गेलेत," ती म्हणाली. "तुमाला न्हाई पटलं तर ऱ्हाऊ द्या. म्या एकटी न्हाऊ घालते."

शेवटी उत्तरेश्वर अण्णा पुढं झाले. बिभीषणच्या खांद्यावर हात ठेवून त्याला म्हणाले, "ज्येचं मानूस त्येचं ऐकावं आज." मग चौघांनी सुग्रीवला उचलून न्हाणीत नेलं. दगडावर बसवलं, पाठीला आधार दिला. राधाकिशननं खिशातून नवा साबण काढला आणि वरचा कागद फाडला.

"साबण नगं," सत्यभामा म्हणाली. "झाडाला चालत न्हाई."

न्हाणीतली सगळी माणसं तिच्याकडे बघायला लागली. राधाकिशननं साबण परत कागदात गुंडाळला. चंद्रभागाबाई उठल्या, फडताळातून शिकेकाईचा डबा शोधून आणला आणि पाण्यात कालवून दिला.

घागरीमागून घागर ओतली गेली. पाणी दगडावरून नालीत आलं, जळालेल्या कर्दळीखालून गेलं, विटांतून गाळलं गेलं आणि सावकाश सीताफळाच्या आळ्यात भरू लागलं. पाचटाचा थर वर तरंगला. सुग्रीवला मखरात बसवल्यासारखं बसवून लोक त्याला न्हाऊ घालत होते आणि त्याची बायको तिकडे न बघता आळ्याकडे बघत होती. तेवढ्यात अंजना आली ती हंबरडा फोडूनच. तिला आईचं ते बघणं दिसलं आणि राग आला. पुढं कधीतरी तिनं तसं बोलूनही दाखवलं.

ज्येष्ठात सीताफळाला बुडापासून कोंब फुटले. मग मधल्या फांद्यांवरही आले. वरची वाळलेली फांदी सत्यभामेनं कापून काढली. पावसाळा यायचा तेव्हा आला आणि त्या वर्षी चांगला झाला, धरण भरलं, बोअरना पाणी आलं, सोसायटीनं फाटकापाशी हिरवळ लावली. सत्यभामा दगडावर बसून आंघोळ करायची आणि सीताफळाच्या वाटेतला बोळा काढायची. एकटीच्या आंघोळीचं पाणी ते केवढं, पण झाडाला पुरलं. अर्धं राहिलेलं ते झाड दसऱ्यानंतर असं काही लागलं की तसं पूर्वी कधी लागलं नव्हतं. फळाचे डोळे मोठे, मधे पिवळी रेघ.

तिनं ती उतरवली, जोंधळ्यात पिकत घातली आणि मऊ झाल्यावर टोपली घेऊन पहिल्यांदा राधाकिशनकडे गेली. त्याच्या बायकोनं टोपली घेतली, "आता कशाला तरास घेतलास," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फळं सोसायटीमागच्या नाल्यात पडलेली सत्यभामेला दिसली. एकही फोडलेलं नव्हतं. डुकरं त्यात तोंड घालत होती.

मग ज्यांच्याकडे ती गेली त्यांनी निदान तोंडावर सांगितलं. कुणाला खोकला होता, कुणाला साखर निघाली होती. भिंतीवर लोंबणाऱ्या फळाला हात लावणाऱ्या पोराला त्याच्या आईनं पाठीत धपाटा घालून घरात ओढलेलंही तिनं पाहिलं. त्या वर्षीची वार्षिक सभा, शेवग्याची सावली गेली हे निमित्त करून, गावातल्या समाजमंदिरात झाली.

उत्तरेश्वर अण्णांकडे ती सगळ्यांत शेवटी गेली. ते ओसरीवर बसले होते. टोपली बघून त्यांनी चष्मा काढला आणि उगाच पुसायला लागले.

"वैनी, माझं सोडा. म्या मानत न्हाई. पण घरात बायामानसं हायत, लेकरं हायत. त्येंला कसंतरी वाटतं."

"अण्णा, तुमच्या घरची बी एक घागर हाय त्येच्यात," सत्यभामा म्हणाली. "समद्यांचंच पाणी हाय ते. कुणाचं न्हाई असं न्हाई."

अण्णांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. त्यांच्या सुनेनं आणलेली घागर त्यांनाही आठवत असणार. पण टोपलीकडे हात काही गेला नाही. सत्यभामा ती उचलून घरी आली. तिला राग आला नव्हता. ज्यांनी तहानेच्या दिवसांत घरातलं पाणी आणून ओतलं त्यांच्यावर कसं रागावायचं, आणि त्यांनीच झाड टाकलं तर कुणाला जाऊन सांगायचं, हेच तिला कळत नव्हतं.

दिवाळी झाल्यावर अंजना दोन दिवस येऊन गेली. बापामागची पहिली दिवाळी, म्हणून फराळ नव्हता. जेवताना सत्यभामेनं तिच्या ताटाशेजारी एक सीताफळ ठेवलं.

"माय, आता नगं. पोट भरलंय."

"बरं. गाडीत खा. आठ-दहा बांधून देते. पोरांला बी."

"दे," अंजना म्हणाली.

सत्यभामेनं चांगली पिकायला आलेली बघून, वाटेत दबू नयेत म्हणून फडक्यात गुंडाळून दिली. लेक निघाली तेव्हा ती बीडच्या गाडीपर्यंत पोचवायला गेली. अंजना खिडकीत बसून डोळे पुसत होती. गाडी वळेपर्यंत सत्यभामा उभी राहिली आणि मग सावकाश घरी आली.

संध्याकाळी झाडू घ्यायला तिनं दार ओढलं तर दारामागं ते गाठोडं होतं. नीट, भिंतीला टेकवून ठेवलेलं. विसरलेलं गाठोडं असं दारामागं जात नाही. ज्या पोरीनं लहानपणी त्याच झाडाखाली बसून पोट दुखेस्तोवर फळं खाल्ली, तिलाही बापाचं पाणी नकोसं झालं होतं. सासरची भीती असेल, नाही तर स्वतःचीच असेल. विचारून तरी काय करायचं होतं.

तिनं गाठोडं सोडलं. फळं पिकली होती, एकाची साल तडकली होती. तेच घेऊन ती अंगणात आळ्याच्या कडेला बसली. पाऊस जाऊन बरेच दिवस झाले होते आणि ऊन पुन्हा लागायला लागलं होतं. वाळल्या शेवग्याचा बुंधा अजून तसाच होता. तिनं फळ दोन हातांनी उकललं आणि एकेक फोड तोंडात घालून, बिया तळहातावर काढत, घाई न करता सगळं खाल्लं. नेहमीसारखंच गोड होतं. सुग्रीव असता तर अजून एक खा म्हणाला असता. तिनं अजून एक खाल्लं.

मग न्हाणीत जाऊन तिनं तांब्याभर पाण्यानं हात धुतले, चूळ भरली आणि नालीतला बोळा काढला. पाणी थोडंच होतं. वाटेत कुठं जिरतंय की काय म्हणून ती त्याच्या बरोबरीनं चालत आळ्यापर्यंत आली, वाकून पाचट बाजूला केलं आणि मातीत बोट घालून बघितलं.

"पोचलं," ती आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, आणि पाचट पुन्हा नीट पसरून घरात गेली.